बसण्याचं काम

२४ मार्च २०२५, सोमवार

पतसंस्थेनं दिलेली डायरी जानेवारीपासून कोरी पडली व्हती. आज उघडली, कारण आजच्यासारखा बिनडोकपणा म्या उभ्या जन्मात पाहिला न्हाई आणि कुणाला सांगायची सोय न्हाई.

आमच्या मालकांचा, अण्णांचा पोरगा विराज विलायतेतनं शिकून आला. बर्मिंगहॅमला व्हता. काय शिकला ते अण्णांनाबी धड सांगता येत न्हाई. आल्या आल्या शिवऱ्याच्या ऑफिसात भिंतभर टीव्ही लावला आणि मला, माझ्या हाताखालच्या गोरखला, कुमारला समोर बसवून तितल्या गुंडांचा पिक्चर दाखवला. म्हणाला, "काका, बघा. याला म्हणतात क्लास."

बघितला. सगळी मंडळी कोटात. आत जाकीट, वर कोट, त्यावर आणखी एक लांब कोट, डोक्याला चपटी टोपी. धुकं, पाऊस, चिखल, तरी बुटाला डाग न्हाई. चालत्यात अशी सावकाश की वाटावं तळपायाला कुरूप झालंय. गोळी घालायच्या आधी एवढं बोलत्यात की तेवढ्यात समोरच्यानं एसटी धरून वेल्हं गाठावं. कोण जेवत न्हाई, कुणाला पित्त न्हाई. तहसीलला कोण जात न्हाई, सातबारा काढत न्हाई, झेरॉक्स मारत न्हाई. मग हे धंदा तरी कसला करत्यात? गोरख मात्र तोंड उघडं टाकून बघत व्हता. सव्वीस वर्षांचा घोडा, त्याला वाटतंय आपणबी तसलेच.

आमचं काम निराळं. अण्णा डोंगराकडच्या जमिनी घेऊन प्लॉट पाडत्यात. जो सही देत न्हाई त्याच्या अंगणात मी जाऊन बसतो. एवढंच. कुणाला बोट लावलं न्हाई, कधी शिवी दिली न्हाई. पांढरी कापडं घालायची, चा घ्यायचा आणि घरच्यांची चौकशी करायची. पोरगा कुठल्या शाळेत हाये, कुठल्या गाडीनं घरी येतो, सून माहेरी कुठल्या वाटंनं जाती. मायेनं इचारायचं. मग गप बसायचं. पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या खेपेला मालक आपणहून म्हणतो, कागद आणा. ह्याला अक्कल लागती, कोट लागत न्हाई.

आता राहिली मार्गासनीच्या वरच्या वाडीतली धोंडाबाई. तिचा पट्टा अण्णांच्या नव्या प्लॉटिंगच्या तोंडाशी हाये, त्यातनं रस्ता काढायचाय. अक्षय तृतीयेला भूमिपूजन, कार्डं छापायला गेली. म्हातारी एकटी. मी गेलो की झालंच म्हणून समजा.

२७ मार्च, गुरुवार

माझी पोरगी प्रेरणा भोरला नर्सिंगला हाये. दर गुरुवारी त्या पोरींना मार्गासनीकडच्या वाड्यांवर पाठवत्यात, म्हाताऱ्यांचं बीपी बघायला. आज घरी येऊन पाय धुतले न्हाईत तोवर मोबाईल घेऊन बसली. बघतो तर तसलाच पिक्चर.

"तुलाबी हे याड लागलं व्हय?"

"छान असतात आप्पा. खाली अक्षरं येतात, इंग्लिश सुधारतं."

"छान काय असतंय त्यात?"

पोरीनं खरंच इचार केला. म्हणाली, "ते कुणाला घाबरत नाहीत. एकमेकांना सोडत नाहीत. आणि कपडे बघा ना. एवढी वाईट माणसं, पण बघत राहावंसं वाटतं. कुणाला मारतात ते आपल्याला ओळखीचं नसतं ना, म्हणून असेल."

हे कॉलेजात शिकवत्यात वाटतं. म्या म्हणालो, बीपी बघायला शिक आधी.

थोड्या वेळानं तिनंच इचारलं, "आप्पा, असली माणसं खरंच असतात?"

"कोटातली नसत्यात," म्या सांगितलं.

तिला ठाव हाये की मी अण्णांकडं साईटचा सुपरवायझर हाये. मंगलनं शेजारीपाजारीबी तेच सांगितलंय. बायको शहाणी असली की घर नीट चालतं.

२ एप्रिल, बुधवार

अण्णा सगळ्या तालुक्याला न्हाई म्हणत्यात, फक्त पोराला न्हाई म्हणायला तोंड उघडत न्हाई. विराजनं पुण्यावनं टेलर बोलावला आणि आमा तिघांची मापं घेऊन कोट शिवले. ऊन असं की सर्व्हिस रोडचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि आमच्या अंगावर लोकर. माझ्या पोटाचं माप घेताना टेलरनं टेप पुन्यांदा बघितला. येडपट.

विराज म्हणतो, "काका, पांढरे कपडे आता ग्रामपंचायतीचे मेंबर घालतात. भीती कशानं वाटते माहितीये? स्टाईलनं."

वीस वर्षं मी काय पेढे वाटत व्हतो?

कोट घालून जीपनं जाताना टोलनाक्यावरच्या पोरानं मला साहेब म्हणून हाक मारली. एरवी काका म्हणतो. कापडाला भुलणारी जात.

५ एप्रिल, शनिवार

आज चालायची प्रॅक्टिस. हसू नका, खरंच. ऑफिसामागं चौघं एका रांगेत, विराज मधी, मोबाईल वीट लावून उभा केलेला. "सावकाश. खांदे सैल. कुणाकडे बघायचं नाही." कुमार चालताना हात कुठं ठेवायचे ते इसरला आणि खिशात घालून बसला. गोरखच्या टोपीखालनं घामाचे ओघळ. पलीकडं एक बाई शेरडं घेऊन चालली व्हती, ती थांबून आमी जाईस्तोवर बघत राहिली. शेरडंबी थांबली.

विराज मला म्हणाला, "काका, तुमचं एकदम नॅचरल आहे."

माझा गुडघा दुखतोय म्हणून मी तसा चालतो. ह्याला क्लास म्हणत असतील तर जिल्हा रुग्णालयात रांगच लागलीये क्लासची.

पिक्चरमधली वाक्यं पाठ करून घेतली. मला एकबी वाक्य आलं न्हाई. विराज म्हणाला तुम्ही नुसतं बसा. तेच तर मी म्हणत व्हतो.

घरी आरशासमोर कोट काढताना मंगल म्हणाली, "खांद्याला बरा बसलाय." मापानंच शिवलाय तर बसणार न्हाई का. खिळ्याला न टांगता हँगरला लावला. महागाचा हाये म्हणून, दुसरं काय न्हाई.

८ एप्रिल, मंगळवार

काय लिहू. थुंकावंसं वाटतंय.

जीप खाली लावून आमी वाडीवर चढलो. विराजनं खालनंच सावकाश चालायला लावलं. चढ, ऊन, लोकर. वर पोचेस्तोवर गोरख गाभण म्हशीगत धापा टाकत व्हता. धोंडाबाई ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत बसलेली. तिनं कपाळाला हात लावून आमच्याकडं बघितलं. चांगलं बघितलं. मग शेजारच्या घराकडं तोंड करून हाळी दिली, "अगं ए, भायेर या गं समद्या. किती वर्सांनी बहुरूपी आल्यात बघा."

मी न्हान व्हतो तवा यायचे बहुरूपी. पोलिसाचा न्हाईतर सायबाचा वेश करून दारात उभे राहायचे, खोटं वॉरंट काढायचे, आता तुरुंगात घालतो म्हणायचे, समद्यांना हसवून सूपभर तांदूळ घेऊन जायचे. म्हातारीला आमी तेच वाटलो.

चार घरांतल्या बाया, पोरं, एक लंगडा कुत्रा, सगळे जमले. विराजनं घसा बसल्यागत आवाज काढून इंग्रजी वाक्य टाकलं.

"ऐका गं," म्हातारी म्हणाली, "सायबाचं सोंग हाये ह्या खेपेला."

हशा. विराज मराठीवर आला. "आजी, आम्ही मजा करायला आलेलो नाही."

"व्हय व्हय. असंच म्हणायचं असतंय. पुढं बोल बाबा."

"तुमची जमीन आम्हाला हवीय. सही दिली नाहीत तर फार वाईट होईल."

"अगं बया, त्वांड कसं केलंय बघा." म्हातारी पदरानं डोळं पुसाया लागली. बायांचं हसू थांबेना. एक पोरगं म्हणालं, मला तुरुंगात घाला, मला. विराज जेवढा तापला तेवढी माणसं खूश झाली. धमकी द्यायला आलेला माणूस आणि सोंग घेतलेला माणूस, दोघं बोलत्यात तेच. तिनं एकदा सोंग म्हणलं की संपलं, पुढचं सगळं त्यातच जमा.

मग म्हातारी सूप घेऊन उठली. "धर टोपी." आणि त्या गोरख्यानं धरली. डोक्यावरची विलायती टोपी काढून, उलटी करून, दोन्ही हातांनी धरली. तिनं त्यात तांदूळ ओतलं. वर ह्यानं वाकून तिच्या पायाला हात लावला. इचारलं तर म्हणतो, हातनं आपसुक झालं काका, दिलेलं धान्य नको कसं म्हणायचं. कुमार शेजारी उभा राहून आपली टोपी पुढं करायच्या बेतात व्हता, म्या कोपर मारला.

मग ती माझ्याकडं वळली. "ह्यो थोरला बहुरूपी गप का? ह्यो काय करतो?"

गोरख म्हणाला, "हे बसतात."

"बसत्यात? मग बसा की बाबा."

मी बसलो. दुसरं काय करणार. कोट घालून ओट्यावर बसलो आणि नेहमीसारखा गप राहिलो. मी जेवढा गप, तेवढं लोक हसाया लागले. एक म्हातारा तर म्हणाला, "हुबेहूब जमलंय हो ह्याला." काय हुबेहूब, ते म्या इचारलं न्हाई.

खाली येताना विराज म्हणाला, लोकांना सिनेमाची समज नाही. म्हातारीचे डोळे गेलेत, हे त्या शहाण्याच्या ध्यानातबी आलं न्हाई. मोतीबिंदू असणार. न्हाईतर मला कोण वळखत न्हाई ह्या खोऱ्यात?

१५ एप्रिल, मंगळवार

मार्गासनीत चहाला थांबलो. पांढऱ्या कापडात व्हतो. हॉटेलवाला पोऱ्याला म्हणाला, "थोरल्या बहुरूप्याला चा दे." समोरच. पूर्वी माझ्यासमोर हा माणूस मान वर करत नव्हता.

वेल्ह्याच्या बाजारातबी तेच. दुसऱ्या एका सहीसाठी एका घरी जाऊन बसलो. मालक घरात न्हाई, बाई म्हणाली बसा. पोराची शाळा इचारली. तिनं सांगितली, आणि मग तोंडावर पदर घेऊन आत पळाली. आतनं दोघी हसत व्हत्या.

ह्या पिक्चरवाल्यांना गावागावात फिरवलं पायजे. तितं पडद्यावर चार वाक्यं मारून, कोटाची बटणं लावून निघून जात्यात. मागं ज्यांनी वीस वर्षं घालून नाव केलंय त्यांचं वाटोळं. भीती काय एका दिवसात तयार हुती व्हय? ती मुरावी लागती. ह्यांनी एका दुपारी टोपीत घालून दिली.

अण्णा म्हणाले, "कुंडलिक, तू एकटा जाऊन बस. जुन्या पद्धतीनं. न्हाई झालं तर मला दुसरा इचार करावा लागंल." माझ्याविषयी की जमिनीविषयी, ते सांगितलं न्हाई.

२२ एप्रिल, मंगळवार

धोंडाबाईकडं एकटा गेलो. धुतलेली पांढरी कापडं. कोट घरीच.

ती ओट्यावर वाकळ शिवत बसली व्हती. मला बघून म्हणाली, "ये बाबा, बस," आणि सुईत दोरा ओवला. एका झटक्यात ओवला, थुंकीबी लावली न्हाई. मग उठून चा केला. गूळ घातलेला. मी बसलो. ती शिवत राहिली. मी गप, तीबी गप. एरवी माणसं चुळबूळ करत्यात, उगा बोलाय लागत्यात, गुरांना हाका मारत्यात. हिचं काय न्हाई. टाका घालायची, दोरा ओढायची. ऊन ओट्यावरनं खाली सरकलं तरी आमचं तेच. शेवटी म्याच तोंड उघडलं. असं आजवर झालं न्हाई.

"पोरं कुठं असत्यात, आजी?"

"दोन झाली. दोनी गेली."

"नातवंडं?"

"न्हाईत."

"गावाला जाणं-येणं? कुठली गाडी बरी पडती?"

"मी कुठं जात न्हाई बाबा. हितंच मरायचं."

मग मला इचारायला काय राहिलं न्हाई. वीस वर्षांत पहिल्यांदा इचारायला काय राहिलं न्हाई. पुढं असं झालं.

म्हातारी म्हणाली, "तुला काय?"

"एक पोरगी हाये."

"प्रेरणा नव्हं का? म्या नाकावरनंच वळखली. म्हणलं हे नाक कुंडलिकाचं." टाका घातला. "लई गुणाची. माझा बीपी बघती. गुरुवारी येती." आणखी एक टाका. "सांजच्या शिवऱ्याच्या गाडीनं जाती. बाकीच्या पोरी भोरच्या गाडीनं जात्यात, ही एकटीच उभी असती बघ फाट्यावर. तितं दिवा न्हाई." दोरा दातानं तोडला. "जपून जाती ना?"

आणि गप बसली.

माझ्या हातात कप व्हता. तो खाली ठेवला. मानेवरनं घाम खाली उतरला, आणि आज अंगावर कोट नव्हता. म्या इचारलं, "आजी, तुमाला म्हणायचं काय हाये?"

"मला काय म्हणायचंय बाबा? इचारलं आपलं."

चा तसाच टाकून निघालो. कागद पिशवीतच राहिले. खाली रस्त्यावर येऊन फाट्यावर दिवा हाये का ते बघितलं. न्हाई.

एकटी म्हातारी. तिच्या मागं कोण न्हाई. ती काय करणार हाये? मायेनंच इचारलं असंल. तरीबी घरी येऊन प्रेरणाला म्हणालो, गुरुवारचं ते बंद कर. ती म्हणाली, हजेरी लागते आप्पा, असं कसं बंद करू? म्हणालो, मग भोरच्या गाडीनं जा, उलटं पडलं तरी चालंल. ती म्हणाली, "काय झालंय तुम्हाला?" मंगलबी माझ्याकडं बघाय लागली. दोघींवर ओरडलो. जेवलो न्हाई.

२४ एप्रिल, गुरुवार

दुपारपासनंच मार्गासनीच्या फाट्यावर जाऊन बसलो. एसटी स्टॉपला एक मोडका बाक हाये. सांजच्याला प्रेरणा उतारावरनं खाली आली. खरंच एकटी. मला बघून थबकली.

"आप्पा? तुम्ही इथं?"

"साईटचं काम व्हतं."

"इथं कुठली साईट?"

तेवढ्यात गाडी आली, बरं झालं. एका मोटरसायकलवाल्यानं स्टॉपजवळ वेग कमी केला व्हता. मी उभा राहिलो तर निघून गेला. त्याला बिडी पेटवायची असंल. पण नंबर ध्यानात ठेवलाय.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय तृतीया. भूमिपूजन झालं, पण वरच्या अंगानं न्हाई. अण्णांनी नकाशा फिरवून रस्ता ओढ्याकडनं काढला. ओढ्यावर साकव बांधावा लागणार. पेढे वाटताना अण्णा माझ्यापाशी येऊन पेढा न देताच पुढं गेले. त्याआधी गोरख आणि कुमारला धोंडाबाईकडं बसायला पाठवलं व्हतं म्हणं. दोघं तिथनं नाचणीची भाकरी आणि हिरवी मिरची खाऊन आले. पोरं मागं लागली व्हती, सोंग करा म्हणून. गोरखनं केलंबी. सांगताना लाजलासुदीक न्हाई.

विराजला आता ब्रिटिश जुनं वाटायला लागलंय. म्हणतो, काका, खरा क्लास बघायचा तर कोरियन बघा. कोट परत मागितले न्हाईत. मी उद्यापासनं ऑफिसला आलो काय आणि न्हाई काय, सारखंच, असं कुमार म्हणाला. कुमारनं म्हणावं. ज्याला टोपी कुठं धरायची ते कळत न्हाई त्यानं.

म्हातारीची जमीन राहिली. राहू दे. माझ्या पोरीपेक्षा ती जमीन मोठी न्हाई.

८ मे, गुरुवार

प्रत्येक गुरुवारी आता फाट्यावर बसतो. काम तर दुसरं न्हाई. बसायची सवय हायेच.

आज वाडीकडनं एक माणूस गुरं घेऊन आला. मला बाकावर बघून त्यानं गुरं रस्त्याच्या पलीकडनं नेली, आणि जाताना दोनदा मागं वळून बघितलं. बघा, म्हणलं, अजून थोडी उरलीये. बरं वाटलं.

प्रेरणा आली. गाडीत जागाच जागा. ती खिडकीशी, मी शेजारी. मग म्हणाली, "धोंडाआजी म्हणाल्या, तुझे आप्पा फार छान बसतात. सगळ्या वाड्यांना माहितीये म्हणाल्या. म्हणजे काय, आप्पा?"

"म्हातारीचं काय मनावर घेती? तिला दिसत न्हाई. आमाला बहुरूपी समजली ती."

"त्यांचे डोळे चांगले आहेत. मार्चमध्ये मीच तपासलेत."

म्या खिडकीतनं बाहेर बघितलं. भाताची खाचरं कोरडी पडली व्हती. म्हणालो, "तू ते पिक्चर बघतीस का न्हाई आता? कोटवाले?"

"नाही," ती म्हणाली.

"बरं केलंस. फालतू असत्यात."

गाडी मोकळी व्हती, गर्दी अजिबात न्हाई. तरी तिनं मांडीवरची पिशवी उचलली आणि बाकावर आमच्या दोघांच्या मधी ठेवली. दमली असंल पोरगी.